अंगातली हाक

मित्रांनो, माझ्या जन्माची तारीख कोणी लिहून ठेवलेली नाही. बनुबाई म्हणते, ज्या वर्षी आमच्या वाडीत विजेचे पहिले खांब आले त्या वर्षी मी झालो. म्हणजे आता मला सतरा-अठरा वर्षे झाली असावीत. बैलाच्या मानाने हे फारच म्हातारपण. माझे दात झिजले आहेत, डाव्या डोळ्यावर पडदा आला आहे आणि खांद्यावर जिथे जू बसायचे तिथले कातडे दगडासारखे टणक झाले आहे. दिवसभर मी गोठ्याच्या दारात बसून रवंथ करतो. रवंथ करताना डोळे आपोआप मिटतात. मग कालचे काय आणि दहा वर्षांपूर्वीचे काय, सगळे धुक्यातल्या डोंगरासारखे एकमेकांत मिसळून जाते. त्या धुक्यातून मला जे दिसते ते आज तुम्हाला सांगतो.

आमची वाडी पोलादपूरजवळच्या उमरठ गावाच्या वरच्या अंगाला आहे. खाली ओढ्याकाठी भाताची खाचरे, वर उतारावर नाचणी-वरीची वरकस जमीन, आणि त्याच्याही वर नुसता वारा. माझे धनी हैबती आणि त्याची बायको बनुबाई. त्यांची एकुलती एक मुलगी सुरेखा शिकून परिचारिका झाली आणि महाडच्या एका दवाखान्यात नोकरीला लागली. माझ्या कपाळावर पांढरा चंद्र आहे, म्हणून माझे नाव चांद्या.

गोऱ्हा होतो तेव्हा मी फार दांडगा होतो. माझ्या अंगात कोणीतरी सतत हाका मारत असे. ऊठ, धाव, टक्कर दे, असे काहीसे ती हाक सांगायची. मी कुंपणे मोडली, शेजारच्या गोमाजीच्या परड्यातल्या काकड्या तुडवल्या, आणि एकदा तर वणव्यात जळलेल्या सागाच्या खोडालाच शत्रू समजून दुपारभर ढुशा दिल्या. पुढचा सगळा दिवस माझे डोके ठणकत होते. हाक मात्र थांबली नव्हती.

माझ्या तिसऱ्या वर्षी पोलादपूरहून गुरांचे डॉक्टर आले. त्यांच्या हातात लांब दांड्यांचा लोखंडी चिमटा होता. वाडीतल्या चौघांनी माझे पाय दोरीने बांधून मला आडवे पाडले. शेतकऱ्यांच्या मुलांना हे ठाऊक असेल, इतरांसाठी सांगतो. गोऱ्ह्याचा बैल करताना त्याच्या वृषणांकडे जाणाऱ्या नसा चिमट्याने दाबतात. मग ते वृषण हळूहळू सुकून जातात. त्या वेळी हैबती माझ्या डोक्याशी बसला होता. त्याने आपला रुंद पंजा माझ्या डोळ्यांवर ठेवला.

"एकदाच रे पोरा, एकदाच," तो पुटपुटला.

मागे कट्ट असा आवाज झाला. थोड्या वेळाने पुन्हा एकदा. काही दिवस मला चालता आले नाही. मग सूज उतरली, आणि पुढच्या काही महिन्यांत माझ्या अंगातली ती हाक दूर दूर जात गेली. दरीपलीकडचा माणूस चालत लांब गेला की त्याचे बोलणे जसे विरते, तसे. एक दिवस सकाळी मी उठलो तर आत पूर्ण शांतता होती. मी कान टवकारून बराच वेळ वाट पाहिली. कोणी बोलले नाही. त्या सकाळी पहिल्यांदाच मला ओढ्याचा आवाज नीट ऐकू आला.

मग माझी कामाची वर्षे सुरू झाली. माझ्या जोडीला गुंड्या नावाचा काळा बैल होता. गुडघाभर चिखलात आम्ही नांगर ओढायचो आणि मागून हैबतीचा आवाज यायचा. तो आम्हाला मारत नसे. आमच्याशी बोलत असे. मुलीच्या परीक्षेपासून डोंगरावरच्या ढगांपर्यंत सगळे तो आम्हाला सांगायचा. माणसांशी मात्र फारसे बोलत नसे. अंगाने तो धिप्पाड, मिशा भरदार. शिमग्यात गावदेवीची पालखी नाचवताना पुढच्या दांड्याला नेहमी हैबतीच असे. पायात काटा मोडला तरी तो कोणाला सांगायचा नाही, स्वतःच चाकूच्या टोकाने काढायचा. लोक म्हणत, "हैबतीची जोडी बघावी आणि हैबती बघावा." असे कोणी म्हणाले की माझी मान आपोआप ताठ होई.

गुंड्या साप चावून गेला त्या वर्षापासून दिवस पालटले. एका बैलाने नांगर चालत नाही. गोमाजीकडेही एकच बैल उरला होता. तेव्हा दोघांनी वारंगुळा केला, म्हणजे दोन घरांचे दोन बैल एकत्र जुंपायचे आणि दोन्ही शेते आळीपाळीने नांगरायची.

त्याच पावसाळ्यात माझ्या लक्षात आले की नांगर मध्येच थांबतो आहे. एक तास, म्हणजे नांगराची एक ओळ, ओढून झाले की हैबती मला "हो" म्हणून थांबवी आणि बांधाकडे जाई. तिथे पाठमोरा उभा राही. पूर्वी तो झटकन परत यायचा. आता बराच वेळ तसाच उभा असे, एक हात बांधावरच्या झाडाला टेकवून. परत आला की नांगर धरी, आणि दुसरे तास अर्धे व्हायच्या आत पुन्हा थांबे. रात्रीही त्याच्या वहाणा अंगणात वाजत. वर त्याची कंबर दुखू लागली. नांगर धरून भरली असेल असे म्हणून तो तेल चोळून घेई. बनुबाईने दोनदा विचारले, "अवो, काय हुतंय तुमाला?"

"काय व्हायचंय? वय झालं," तो म्हणे.

मला कळत होते की हे वय नव्हे. नांगराच्या मुठीवरचा त्याचा हात मला जुवातून जाणवायचा, आणि त्याची पकड पूर्वीसारखी राहिली नव्हती. पण बैलाने कोणाला आणि कसे सांगावे? असे दीड वर्ष गेले.

मग मळणी आली. खळ्यात पेंढ्या पसरल्या होत्या. मधल्या खांबाला बांधून आम्हा बैलांना गोल फिरवत होते. हैबती काठी घेऊन मागे होता. त्या दिवशी तो बांधाकडे गेलाच नाही, आणि मला ते नवल वाटले. फिरता फिरता त्याची पावले मागे पडली. मी मान वळवून पाहिले तर तो भाताच्या राशीत गुडघे पोटाशी घेऊन बसला होता. ऊन कोवळे होते तरी त्याच्या कपाळावरून घाम गळत होता.

बनुबाई सूप टाकून धावली.

"लघवीच हुत नाय गो," तो दात आवळून म्हणाला. "काल सांजच्यापासून नाय."

लोकांनी खुर्चीला बांबू बांधून डोली केली आणि त्याला उतरणीने रस्त्यापर्यंत नेले. तिथून जीपने महाड. आम्हाला खांबापासून सोडायचे कोणालाच सुचले नाही. आम्ही दोघे बैल थोडा वेळ तसेच गोल फिरत राहिलो, मग आपोआप थांबलो. संध्याकाळी गोमाजीने येऊन आम्हाला सोडले.

हैबती आला तो दहा दिवसांनी. बरोबर सुरेखा होती. त्याच्या घोंगडीखालून एक रबरी नळी येत होती आणि ती एका पिशवीत जात होती. ती पिशवी तो कोणाला दिसू देत नव्हता. ओट्यावर बसताना त्याने भिंतीचा आधार घेतला. आमचा ओटा आणि गोठा यांच्यामध्ये नुसता कारवीच्या काड्यांचा कूड आहे, त्यामुळे तिकडचे सगळे मला ऐकू येते.

दुसऱ्या दिवशी सुरेखा बोलली. ओटीपोटातल्या गाठीचा सुईने काढलेला तुकडा मुंबईला तपासायला गेला होता, त्याचा अहवाल आला होता. दुखणे कर्करोगाचे होते. ते पाठीच्या मणक्यांपर्यंत पोचले होते.

"डॉक्टर म्हणतात, ऑपरेशन लहानसं आहे बाबा," ती म्हणाली. मग अडखळली. आपल्या बापाशी असे बोलणे कोणत्याही मुलीला जड जाईल. "दोन्ही वृषण काढायचे. मग आराम पडेल."

कुडाच्या फटीतून मला हैबतीचा हात दिसत होता. तो घोंगडीचा काठ चुरगाळत होता.

"म्हंजे माझा बैल करनार?" तो म्हणाला.

मित्रांनो, मी आयुष्यात चाबूक फारसा खाल्ला नाही. त्या दिवशी मात्र तो कसा बसतो ते मला कळले.

"त्यापरास मी असाच बरा," हैबती म्हणाला. "असाच मरेन. पन त्ये नाय."

सुरेखा ओट्यावरून उठली ती थेट गोठ्यात आली. मला वाटले, रडायला आली. ती रडली नाही. तिने पेंढ्याची जुडी सोडून माझ्यापुढे टाकली, माझ्या मानेवर हात ठेवला आणि माझ्याकडे पाहत, पण कुडापलीकडे सहज ऐकू जाईल अशा आवाजात ती बोलू लागली.

"चांद्या, तुला सांगते, ऐक. माणसाच्या ओटीपोटात, मूत्राशयाच्या तोंडाशी एक ग्रंथी असते. सुपारीपेक्षा थोडी मोठी. प्रोस्टेट म्हणतात तिला. सगळ्या पुरुषांना असते, त्यात लाजण्यासारखं काही नाही. ती असंख्य बारीक पेशींची बनलेली असते. प्रत्येक पेशीच्या आत ग्राही नावाचा एक सूक्ष्म घटक असतो. तो नुसता निरोपाची वाट बघत बसतो. निरोप येतो रक्तातून. वृषण एक संप्रेरक तयार करतात, ते रक्तातून फिरत पेशीत शिरतं आणि ग्राहीला जाऊन चिकटतं. चिकटलं की ग्राही जागा होतो, पेशीच्या गाभ्यात जातो आणि सांगतो, वाढ, एकीच्या दोन हो. मुलगा वयात आला की त्याला मिसरूड फुटतं, आवाज फुटतो, ते असल्याच निरोपांनी."

मी रवंथ थांबवला.

"चांगल्या पेशी निरोप ऐकतात आणि मोजकंच वाढतात. बाबांच्या काही पेशी बिघडल्या. त्या थांबायचं विसरल्या. निरोप आला की वाढतात, पुन्हा वाढतात. त्यांनी लघवीची वाट दाबली. काही रक्तातून मणक्यात जाऊन बसल्या. पण तिथंही त्या त्याच निरोपावर जगतात. निरोप पाठवणारंच कोणी उरलं नाही तर ग्राही रिकामे बसतील. मग त्यातल्या पुष्कळ पेशी सुकतील, मरतील. लघवीची वाट मोकळी होईल. हाडांचं दुखणं थांबेल."

कुडापलीकडून हैबतीचा आवाज आला. "कायमचं?"

सुरेखाचा हात माझ्या मानेवर घट्ट झाला. खोटे बोलणे सोपे होते. बापाला बरे वाटले असते आणि तो तयारही झाला असता.

"नाही बाबा," ती म्हणाली. "कायमचं नाही. दोन वर्षं, कोणाला तीन, कोणाला जास्त. पुढं आजार वाट काढतो. पण ती वर्षं दुखण्याशिवाय जातील."

सुरेखा दुसऱ्या दिवशी कामावर महाडला गेली. मी मात्र कितीतरी वेळ डोळे मिटून बसलो. लहानपणी माझ्या अंगात ओरडणारे ते कोण होते, ते मला आज कळले होते. ती हाक रक्तातून येत होती, आणि माझ्या अंगातल्या लाखो लहान लहान कानांपर्यंत पोचत होती.

चार दिवसांनी दुपारी हैबती काठी टेकत गोठ्यात आला. पिशवी त्याने हातात धरली होती. माझ्यापासून लपवायचे त्याला कारण नव्हते. तो गव्हाणीच्या कडेवर बसला.

"चांद्या, त्या दिशी तुझे डोळे मी झाकले व्हते," तो म्हणाला. "तुला दिसू नये म्हनून नाय रे. तुझे डोळे मला बघवत नव्हते, म्हनून झाकले." त्याने माझ्या शिंगावरून हात फिरवला. "तुला राग आला व्हता का?"

मी त्याच्या मनगटावर जीभ फिरवली. दुसरे मी काय करणार?

"बैल झालास, म्हनून तू काय कमी झालास?" तो स्वतःशीच बोलल्यासारखा बोलत होता. "इतकी वर्सं चिखल तुडवलास. माझ्या घरातलं शीत न् शीत तुझ्या खांद्यावरनं आलंय. तुला कोन नावं ठेवील? पन मानसाचं येगळं. चार लोकांत बसायचं असतं."

"त्याला काय इचारताय?" दारातून बनुबाई म्हणाली. शेणाची पाटी घेऊन ती केव्हा येऊन उभी राहिली होती कोण जाणे. "मला इचारा की. डॉक्टरनं तुमाला इचारलं, पोरीनं तुमाला इचारलं, तुमी बैलाला इचारताय. मला कोनीच इचारलं नाय."

"बोल तर मग."

बनुबाईने पाटी खाली ठेवली. "पस्तीस वर्सं मी तुमच्याबरूबर जेवले. तुमच्या मिशीबरूबर नाय जेवले. मला सांजचा चा पिताना समोर मानूस लागतं. ते ठेवा म्हनावं डॉक्टरला, बाकी काय काढायचं ते काढून टाका."

हैबती तिच्याकडे बघतच राहिला. मग हसायला लागला. हसताना त्याची पाठ दुखत होती, त्यामुळे तो एका हाताने गव्हाण धरून कण्हत होता आणि हसत होता. डोळ्यांतून पाणी आले तरी हसत होता.

"पोरीला निरोप धाड," शेवटी तो म्हणाला. "येतो म्हनावं."

ऑपरेशन पौषात झाले. घरी आल्यावर पहिल्याच सकाळी तो अंथरुणात या कुशीवरून त्या कुशीवर वळला, आणि आपण कण्हलो नाही हे लक्षात येऊन पुन्हा एकदा मुद्दाम वळून बघितले. कुडाच्या फटीतून मी ते पाहिले. दीड महिन्याने महाडला जाऊन ती नळी काढली. त्या संध्याकाळी बनुबाई मूठभर गूळ घेऊन माझ्याकडे आली आणि माझ्या कानाशी वाकून म्हणाली, "आपल्या आपन झाली रे लघवी!" असली आनंदाची बातमी ती आणखी कोणाला सांगणार होती?

त्यानंतरची वर्षे मला स्वप्नासारखी आठवतात. हैबतीच्या अंगातला निरोप बंद झाला होता आणि शरीर त्याची आठवण काढत होते. ऐन थंडीत त्याला एकाएकी गरम व्हायचे. तो घोंगडी फेकून अंगणात येई, आणि बनुबाई स्वतः कुडकुडत त्याला सुपाने वारा घाली. त्याची दाढी विरळ झाली. मन हळवे झाले. गाय व्याली तर वासराला पाहून त्याचे डोळे भरून यायचे. जड उचलायची त्याला मनाई होती, म्हणून दुपारी तो माझ्याजवळ येऊन बसे. समोर आंबेनळी घाटाच्या बाजूचे डोंगर निळे होत जात. आम्ही दोघे काहीच करत नसू. आयुष्यभर ज्याला कामातून मान वर करायला वेळ झाला नव्हता, तो माणूस आता घारीचे घिरट्या घालणे मावळतीपर्यंत बघत बसे.

पहिल्या शिमग्यात मात्र त्याला लागले. पालखीच्या पुढच्या दांड्याला या वेळी गोमाजी होता. देवळापुढे दहा लोकांत तो मोठ्याने म्हणाला, "महाडात हैबतीचा बैल केला!" लोक हसले. हैबती घरी आला आणि न जेवता पडून राहिला. बनुबाईनेही त्या दिवशी ताट वाढून घेतले नाही.

पुढच्या आषाढात वारंगुळ्याचा नांगर एकट्या गोमाजीनेच धरला, कारण हैबतीला तो धरवत नव्हता. हैबती डोक्यावर इरले घेऊन बांधावर बसलेला असे. आणि मित्रांनो, एक तास ओढून झाले की नांगर थांबू लागला. गोमाजी बांधाकडे जाई, पाठमोरा उभा राही, फार वेळ उभा राही. हे सगळे मी आधी पाहिले होते. पण या खेपेला बघणारा मी एकटा नव्हतो.

"गोमाजी," हैबतीने हाक मारली. "सकाळधरनं कितव्यांदा?"

"तुला रे काय करायचंय?" गोमाजी खेकसला.

"सातव्यांदा. मी हितंच बसलोय." हैबतीने इरले काढले आणि तो पावसात तसाच उठून त्याच्याजवळ गेला. "मी बी असाच यायचो बांधावर. दीड वरीस आलो. कोनाला बोललो नाय. तवर हाडात गेलं."

गोमाजीचा चेहरा उतरला. तो हळूच म्हणाला, "माझा बी तसाच करतील रे."

त्या क्षणी हैबतीला शिमग्यातले बोलणे परत करता आले असते. पाऊस पडत होता, शेतात दुसरे कोणी नव्हते. पण त्याने गोमाजीच्या खांद्यावर हात ठेवला. "सगळ्यांचं तसलं नसतं. सुरेखा म्हनते, वयानं ती गाठ साधी बी वाढते. पन तपासल्याबिगर कळत नाय. उद्याच चल. मी येतो संगती."

ते दोघे सकाळच्या एसटीने महाडला गेले. गोमाजीची गाठ साधी निघाली. त्याचे ऑपरेशन झाले आणि पंधरा दिवसांत तो वाडीत हिंडू लागला. त्याने तोंडाने कधी माफी मागितली नाही. पुढच्या शिमग्यात मात्र गावदेवीची पालखी घरोघर फिरत आमच्या अंगणात आली, तेव्हा त्याने ती थांबवली. पुढचा दांडा हैबतीच्या खांद्यावर टेकवला. वजन सगळे त्याने स्वतःच्या दोन्ही हातांवर पेलून धरले होते. ढोल वाजत होता. हैबतीने डोळे मिटून चार पावले टाकली. त्या वेळी कोणीही हसले नाही.

ऑपरेशननंतर सव्वादोन वर्षांनी त्याची पाठ पुन्हा दुखू लागली. रक्ताच्या तपासणीतला या आजाराचा आकडा वाढत होता. सुरेखा आली, आणि या वेळी तिला माझ्या आडून बोलावे लागले नाही. ती बापाच्या समोर बसली.

"बाबा, त्या पेशी शिकल्या," ती म्हणाली. "त्यांनी ग्राही वाढवले. आता रक्तात इकडून तिकडून आलेला थेंबभर निरोपही त्यांना पुरतो. काही ग्राही तर निरोप नसतानाच, आला असं समजून वाढ म्हणतात."

"माझेच ते. हट्टी असनारच," हैबती म्हणाला.

डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. ती गोळी ग्राहीची जागा आधीच अडवून बसते, म्हणजे निरोपाला चिकटायला ठिकाण उरत नाही. तिने काही महिने आराम दिला. मग तीही चालेनाशी झाली. शास्त्रज्ञ यापुढचे काही शोधत आहेत असे सुरेखा सांगायची. ते आमच्या वाडीपर्यंत पोचायला वेळ होता आणि हैबतीकडे तो नव्हता.

आश्विनात, भात लोंबीला आले असताना, त्याने खुर्ची गोठ्याच्या दारात आणवली. सगळे खाचर पिवळे होऊ लागले होते. बनुबाई त्याच्यासमोर बसून चहा पीत होती. चहा त्याला जात नव्हता, पण कप त्याने हातात धरला होता.

"पोरी, तू त्या दिशी खरं सांगितलंस," तो सुरेखाला म्हणाला. "नायतर ही तीन वर्सं मी अशी बघितली नसती. कायमचीच हायेत म्हनून वाया घालवली असती."

तिसऱ्या दिवशी पहाटे तो गेला. मी दोन दिवस वैरणीला तोंड लावले नाही. मग बनुबाई आली, माझ्याजवळ खाली बसली आणि म्हणाली, "खा रे. मी बी जेवले." मग मी खाल्ले.

त्यालाही आता बराच काळ लोटला. आमच्या खाचरात इंजिनाचा नांगर फिरतो. माझा खांदा कोणाला लागत नाही. कधी कधी दुपार होते तरी मला पाण्यावर न्यायची आठवण कोणाला राहत नाही. मला विकत घ्यायला गिऱ्हाईक आले होते, बनुबाईने त्याला अंगणातूनच परत पाठवले. माझी तक्रार नाही. रवंथ करावा, ऊन अंगावर घ्यावे, दिवस मावळताना बघावा, एवढेच आता माझे काम उरले आहे.

पण मित्रांनो, जायच्या आधी एक मागणे आहे. आम्हा गुरांना दुखले तर आम्ही फक्त थांबतो. कोणी विचारले तरी उत्तर देता येत नाही. माणसाला बोलता येते, आणि तरीही मोठी माणसे नेमके हेच बोलत नाहीत. तुमच्या घरातही कोणी बाबा, काका, आजोबा असतील. ते जेवता जेवता सारखे उठत असतील, मोरीत फार वेळ लावत असतील, कंबर धरून बसत असतील, तर हसू नका. जवळ जाऊन बसा आणि काय होते ते विचारा. ते रागावतील. दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारा.